पिसं फुगवून बसलेला बजी

प्रश्न : आमचा बजी (छोटा पाळीव पोपट) दोन दिवस पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतोय. शेजारच्या काकू म्हणतात, थंडी वाजत असेल. वाट बघू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका बघू. पक्षी आजार लपवतो. तळाशी बसला म्हणजे लपवायचं त्राणही उरलेलं नाही. श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल तर आजच निघा. आधी फोन करून ‘पक्षी तपासता का?’ एवढं विचारा, सगळेच पशुवैद्य तपासत नाहीत. पिंजऱ्यातला कागद बदलू नका, विष्ठा बघावी लागते. (एका गृहस्थांनी पिंजरा घासूनपुसून, लख्ख करून आणला होता. काय बोलणार!) वर फडकं टाकून उबेत न्या. बजीचं वजन जेमतेम 30-40 ग्रॅम, तेव्हा आपल्या गोळीचा तुकडा बिलकूल देऊ नका.