हळदी-वाढदिवसासाठी जुना '५००० वॉट'चा अँप्लिफायर आणि चार टॉप घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात हळदी-वाढदिवसाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत आणि एक जण '५००० वॉट'चा जुना अँप्लिफायर, सोबत १५ इंची चार टॉप, म्हणजे मुख्य स्पीकरचे डबे (प्रत्येकी ४०० वॉट आरएमएस, म्हणजे सलग पेलायची ताकद, ८ ओहम) देतोय.

आधी तो ५००० चा आकडा डोक्यातून काढा. आपल्याकडे स्पीकरच्या कुठल्याही भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मागची पट्टी किंवा मॅन्युअल बघा: ४ ओहमवर एका चॅनेलला (एका बाजूच्या आउटपुटला) किती वॉट आरएमएस? कामाचा आकडा तेवढाच.

८ ओहमचे दोन टॉप एका चॅनेलवर पॅरलल जोडले की लोड (अँप्लिफायरसमोरचा एकूण रोध) ४ ओहम होतो आणि दोन्ही मिळून ८०० वॉट पेलतात. त्यासाठी चॅनेलमागे ४ ओहमवर १००० ते १२०० वॉटचा अँप्लिफायर हवा, म्हणजे ठोक्याला जागा राहते. पट्टीवर ३००-४०० निघाले तर सौदा सोडा. लहान अँप्लिफायरवर स्पीकर सुरक्षित राहतो हा गैरसमज आहे. हळदीत कुणीतरी येऊन 'वाढीव की' म्हणणारच. मग अँप्लिफायर क्लिप होतो, म्हणजे ताकद संपून लहरींची डोकी कापली जातात, त्यातून तयार झालेली जादा ट्रेबल हॉर्नकडे (बारीक आवाजाच्या स्पीकरकडे) जाते आणि त्याचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) जळतो. मिक्सरचा लाल दिवा पेटत राहिला तरी हेच होतं, मग अँप्लिफायर कितीही मोठा असो. चारही टॉप एकाच चॅनेलवर टाकायचे नाहीत. लोड २ ओहम, म्हणजे आणखी जड होतो आणि अँप्लिफायर प्रोटेक्टला जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) किंवा उडतो.

टॉप बघायला जाताना मल्टिमीटर न्या. ८ ओहमचा चांगला ड्रायव्हर (डब्यातला स्पीकर) साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. कोन दोन्ही हातांनी सारखा, हलका दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय.

मला विचाराल तर हा सगळा पसारा नको. १२ इंची दोन अॅक्टिव्ह टॉप घ्या. अँप्लिफायर, क्रॉसओव्हर (बेस-ट्रेबल वेगळे करणारा) आणि लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा) आतच, त्या स्पीकरला जुळवलेले असतात; नवीन माणसाच्या हातून जळायची शक्यता कमी. हॉलमधल्या शंभरेक माणसांना पुरतात. गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात मात्र बेस विरून जातो. तेव्हा १८ इंची एक अॅक्टिव्ह बेसचा डबा भाड्याने आणा आणि साधारण १०० हर्ट्झला कट ठेवा, म्हणजे त्याखालचा आवाज बेसला आणि वरचा टॉपला.

मिक्सर ते टॉप एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची) केबल वापरा. चालू करताना मिक्सर आधी आणि टॉप शेवटी, बंद करताना उलटं. नाहीतर 'धप्प' बसतो. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घूं आवाज आला तर प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही (बरेच जण कापतात, शॉक बसतो). लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये, ऑडिओच्या वायरवर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

ऑर्डर घेताना वेळ आधीच ठरवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.