किलस्विच एंगेजच्या जस्टिन फोलीसारखा ड्रम्सचा आवाज आणि हात साध्या किटवर कसा आणता येईल?

तू लिहिलंयस की किट जुनी, पाच ड्रमची आहे, सराव उद्यमनगराच्या (लेथ-वर्कशॉपच्या वस्तीच्या) मागे काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतो, हाताशी पंचवीस हजार आहेत आणि ते डबल पेडल (दोन्ही पायांनी एकच मोठा ड्रम वाजवायची जोडी) आणि नव्या सिंबल्समध्ये घालायचा विचार आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी इथल्या ऑर्केस्ट्रात ड्रम्स आणि ऑक्टापॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवतो. मेटलचं वेड कॉलेजपासूनचं, पण पोट लावणीवर आणि किशोरकुमारवर भरतं.

पहिलं सांगतो, सिंबल्सना आत्ता हात लावू नकोस. तुझे पैसे तिथेच संपतील आणि आवाज आहे तसाच राहील.

आता फोलीचं. तो 2003 साली किलस्विच एंगेज या अमेरिकन मेटलकोअर (मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण) बँडमध्ये ड्रमर म्हणून आला. आधी ब्लड हॅज बीन शेड या बँडमध्ये होता, किलस्विचचा तेव्हाचा गायक हॉवर्ड जोन्सही तिथलाच. किलस्विचचा 2004 चा अल्बम ‘द एंड ऑफ हार्टेक’ तू ऐकला असशीलच. त्याच्याआधीचा, 2002 चा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ लगेच लावून ऐक. त्यात ड्रम्स फोलीने वाजवलेलेच नाहीत. ते अ‍ॅडम डुटकीविचचे आहेत, म्हणजे जो पुढे गिटारवर गेला आणि बँडचा प्रोड्यूसरही आहे त्याचे. तरी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरचा (पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) बाज दोन्हीकडे ओळखीचाच लागतो. वाजवणारे दोघे वेगळे, पण दोन्ही अल्बम मिक्स केलेत, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज बसवलेत, अँडी स्नीपने. म्हणजे ज्याला तू ‘फोलीचा आवाज’ म्हणतोयस त्यातला मोठा वाटा मिक्सिंगच्या टेबलावरचा आहे. त्या काळच्या मेटलमध्ये खऱ्या किकखाली आणि स्नेअरखाली आधी रेकॉर्ड केलेलं सॅम्पल जोडणं सर्रास चालायचं, आजही चालतं. शेडमध्ये बसून कानाला तसा आवाज येत नाही म्हणून किटला शिव्या घालू नकोस. तसा आवाज कुठल्याच खोलीत येत नाही.

मग तुझ्या हातात काय उरतं? हेड्स (ड्रमवरची पानं), ट्यूनिंग, बीटर (पेडलचा किकवर आपटणारा गोळा) आणि प्रत्येक फटका सारख्या वजनाचा पडणं. यातलं शेवटचं सगळ्यात महाग, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

किकपासून सुरू कर, कारण मेटलकोअरचा जीव तिथे आहे. गिटार ड्रॉप सी ट्यूनिंगला, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या सुरात, असतात, तळाचा सगळा भाग त्या आणि बास मिळून भरून टाकतात. त्या गर्दीतून किक ऐकू यायची तर तिला खाली साधारण 60 हर्ट्झला एक धक्का हवा आणि वर 4 किलोहर्ट्झच्या आसपास ‘टक्’ हवा. मधला 300-400 हर्ट्झचा पुठ्ठ्यासारखा भाग काढून टाकतात. तुझ्या किकवर कंपनीचं पातळ हेड असणार, ते बदल. इव्हान्स ईमॅड किंवा रेमो पॉवरस्ट्रोक 3 बसव. बोल्ट हाताने घट्ट कर, हेडवर सुरकुत्या दिसतील. मग समोरासमोरचे बोल्ट जोडीने थोडे थोडे फिरवत सुरकुत्या जेमतेम जातील तिथे थांब. आणखी ताणलास की ‘टक्’ जाऊन ‘बों’ येतो. आत एक घडी घातलेली गोधडी ठेव, मारायच्या हेडला नुसती टेकेल इतकीच. पुढच्या हेडला एका बाजूला चार-पाच इंची भोक असू दे.

बीटरसाठी तर तू भलत्याच चांगल्या जागी बसलायस. फेल्टचा मऊ बीटर काढून टाक. बाहेर रस्त्यावर येऊन कुठल्याही लेथवाल्याकडे जा आणि 50 मिलिमीटरच्या नायलॉन रॉडचा 30 मिलिमीटर लांबीचा तुकडा टर्न करून माग. जुन्या बीटरचा दांडा सोबत ने, त्याच्या मापाचं भोक मारून बाजूने ग्रब स्क्रू बसवून देतात. वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं, ते चालतं. मारायची बाजू सपाट ठेवायला सांग, पण कडा नक्की गोल करून घे, नाहीतर आठवड्यात हेड कापलं जाईल. बीटर लागतो तिथे हेडवर एक पॅच (हेड वाचवणारी जाड चकती) चिकटव. ‘कशाला पाहिजे हे?’ असं लेथवाला विचारेलच. ड्रमला म्हटलास की गणपती मंडळाचा समजून दोन पैसे कमी घेईल.

स्नेअर. फोलीचा स्नेअर उंच सुराचा आणि कोरडा वाटतो, पण त्यात अंग असतं. खालचं हेड वरच्यापेक्षा ताणलेलं ठेव आणि वरचं कोटेड (खरखरीत पांढऱ्या थराचं), जरा जाड. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येतो का बघ. इथं घाई करू नकोस. हलगीवाले वाजवण्याआधी शेकोटीवर चामडं तापवत बसतात ना, तितका संयम ठेव. फायबरच्या हेडला शेकोटी लागत नाही एवढंच. आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याचा प्रत्येक फटका रिमशॉट असू दे, म्हणजे काठीचं टोक मध्यभागी आणि दांडा कडेच्या लोखंडावर एकाच क्षणी. मेटलकोअरच्या स्नेअरमधला तो कडकडाट ट्यूनिंगपेक्षा यातून जास्त येतो. मधले नाजूक घोस्ट नोट्स या संगीतात ऐकूच येत नाहीत, त्यात जीव घालवू नकोस.

टॉम्सना, म्हणजे उरलेल्या तीन ड्रम्सना, दोन थरांची क्लिअर हेड्स, इव्हान्स जी 2 किंवा रेमो एम्पेरर. विषय संपला.

आता पाय. 180 च्या टेम्पोत (मिनिटाला 180 ठोके) सोळांश नोट्स, एका ठोक्यात चार, म्हणजे सेकंदाला 12 फटके, प्रत्येक पायाला 6. आकडा बघून घाबरायला होतं, पण फोलीची गंमत वेगात नाही. त्याच्यापेक्षा वेगवान पायाचे ड्रमर ढीगभर सापडतील. तो गिटारच्या चग्गिंगला (तार दाबून काढलेल्या तुटक ठोक्यांना) चिकटून वाजवतो, कोरसला हात सैल सोडतो आणि फिल्स (दोन भागांमधल्या भराव्याच्या जागा) लहान ठेवतो. गाण्यांचं वजन करणारा प्रोड्यूसर स्वतः ड्रमर असल्याचाही परिणाम असेल, असं मला वाटतं. तू आधी 110-120 ला सोळांश चालव, चार आवर्तनं डबल किक, चार आवर्तनं साधी. डाव्या पायाने सुरुवात करूनही तेवढंच. डावा पाय कमी वजनाचा पडतो हे फोनवर रेकॉर्ड करून ऐकल्याशिवाय कळत नाही, वाजवताना सगळंच बरं वाटतं. साधारण 150 पर्यंत मांडीने काम भागतं, त्याच्यापुढे घोट्याने. मधला 150 ते 170 चा टप्पा फार चिडवतो, कारण मांडीला तो जास्त आणि घोट्याला कमी. तिथे महिने जातात, जाऊ देत.

ब्रेकडाउनचं (गाणं एकदम संथ आणि जड होतं तो भाग) मात्र नीट समजून घे, कारण बहुतेक मुलं तिथंच घसरतात. तबल्याच्या क्लासला गेला असशील तर तीनतालाच्या 16 मात्रा डोळ्यापुढे आण. उजवा हात चायना सिंबलवर 1, 5, 9, 13 ला. स्नेअर फक्त 9 ला. आणि किक 1, 4, 7, 10, 13 ला, म्हणजे तीन-तीन-तीन-तीन-चार. पाय तिरका चालतो, हात सरळ राहतो आणि सगळे मिळून समेवर येतात. ऐकणाऱ्याची मान ज्याने हलते तो हात. पायाच्या नादाने चायना हलला की ब्रेकडाउन मेला. 80 च्या टेम्पोवर तोंडाने मात्रा मोजत वाजव, मग मोजणं सोड. गिटारवाला मित्र असेल तर दोघंच बसा, बाकीचा बँड नंतर. त्याचा उजवा हात आणि तुझा उजवा पाय एकत्र पडले की अर्धा मेटलकोअर झाला.

शेडचं एक. पत्र्याखाली सगळं घणघणतं, त्यामुळे ड्रमरला आपण फार जोरात वाजवतोय असं वाटून हात आखडतो. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जुन्या गाद्या उभ्या कर, डोक्यावर पत्र्याखाली जाड चादरी ताण. शेजारी ऐकायचं ते ऐकतीलच, पण तुला स्वतःचा फटका कळेल. रात्री वाजवायचं असेल तर ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा ऑक्टापॅड माग. त्यात बाहेरचं ट्रिगर (फटका ओळखणारा सेन्सर) जोडायची सोय असते, किकचा पॅड लावून हेडफोनवर पायाचा सराव कर.

रेकॉर्डिंगला आलास की किकच्या भोकात शुअर बीटा 52 ए किंवा एकेजी डी 112 आणि स्नेअरवर एसएम 57 हे माइक, बहुतेक स्टुडिओत यातलं काहीतरी सापडतं. नंतर सॅम्पल जोडायला लाजू नकोस. फक्त फटके कमीजास्त असतील तर सॅम्पल टायपिंगसारखं वाजतं किंवा मधेच दचकतं, म्हणून आधी हात.

पैशाचं गणित असं: आधी सगळी हेड्स आणि एक पॅच, मग लेथवाला, उरलेल्यात सेकंडहँड डबल पेडल. पेडल चेनचं की डायरेक्ट ड्राइव्हचं (चेनऐवजी सरळ दांड्याचं) यावर वाद घालणाऱ्यांना घालू दे. जुनं घेताना दोन्ही पेडलांना जोडणारा दांडा हातात धरून उलटसुलट पिळून बघ. युनिव्हर्सल जॉइंटला खडखड खेळ लागला तर डावा बीटर नेहमी उशिरा पोचणार आणि तू स्वतःच्या पायाला दोष देत बसशील. तसला पेडल अगदी मातीमोल भावात मिळत असेल तरच घे, जॉइंटचं बुश उद्यमनगरात बदलून मिळतं.