विंडोज, लिनक्स आणि मॅक यांच्यात घरच्या नेटवर्कवर एकच फोल्डर कसा वापरता येईल?

यासाठी एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वापरण्याची ठरलेली पद्धत, वापरावा. विंडोजमध्ये तो अंगभूत आहे, मॅकमध्ये २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून फाइल शेअरिंगसाठी त्यालाच प्राधान्य आहे, आणि लिनक्सवरून फोल्डर शेअर करायचा असल्यास सांबा हे सॉफ्टवेअर बसवावे लागते. जो संगणक बहुतेक वेळ चालू असतो, त्यावरच फोल्डर ठेवावा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) कायम करून घ्यावा. नावाने संगणक सापडला नाही, तरी पत्त्याने सहसा सापडतो.

खरी अडचण बहुधा पासवर्डपाशी येते. सांबा आपले पासवर्ड लिनक्सच्या लॉगिन पासवर्डपासून वेगळे साठवतो, त्यामुळे खाते आधीपासून असले तरी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ (smbpasswd) या आज्ञेने ते सांबामध्ये स्वतंत्रपणे जोडावे लागते. शिवाय शेअरला लिहिण्याची परवानगी देऊनही मूळ फोल्डरची परवानगी केवळ वाचण्यापुरती असेल, तर फाइल साठवता येत नाही. ही दुसरी परवानगी तपासायची अनेकांकडून राहून जाते. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ निवडावे. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेत) एसएमबी वापरत असलेले टीसीपी पोर्ट ४४५ फक्त घरातील नेटवर्कसाठी खुले ठेवावे.

जुने उपकरण जोडण्यासाठी एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया तो मानू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातील त्रुटीचा फायदा घेऊनच जगभर पसरला होता.

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गचिन्हासारखे कोलन मात्र टाळावे, कारण विंडोजला ती चिन्हे चालत नाहीत.