दिल्लीत इंदिरा गांधींचं घर-संग्रहालय बघण्यासारखं आहे का? किती वेळ लागतो?

नक्की बघा, तास-दीड तास पुरतो. १, सफदरजंग रोड. प्रवेश मोफत, सोमवारी बंद, जवळचं मेट्रो स्टेशन लोक कल्याण मार्ग.

सुरुवातीच्या दालनांतली वृत्तपत्रांची कात्रणं आणि फोटो वाचत बसलात तर तिथेच वेळ जातो. मी म्हणेन, भरभर पुढे सरका. खरं बघायचं ते पुढे आहे. अभ्यासिका, जेवणाची खोली, पुस्तकांची कपाटं, सगळं काचेआडून दिसतं. पंतप्रधानांचं घर म्हणून थाटमाटाची अपेक्षा असेल तर ती सोडा. खोल्या आटोपशीर, साध्या आहेत. ३१ ऑक्टोबर १९८४ ला, हत्येच्या दिवशी, इंदिराजींच्या अंगावर असलेली साडी तिथे ठेवली आहे, आणि राजीव गांधींचे श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटातले कपडेही. लहान मुलं सोबत असतील तर आधी कल्पना द्या.

बाहेर बागेत त्या शेवटच्या चालल्या ती वाट काचेने मढवली आहे. गर्दीच्या रेट्यात इथून पटकन बाहेर ढकललं जातं, तेव्हा शक्यतो शनिवार-रविवार टाळून सकाळी दार उघडताच पोहोचा. महात्मा गांधींची हत्या झाली ती तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती इथून जवळच आहे, तीही त्याच फेरीत उरकते.