कला महाविद्यालयानंतर जळगावात राहून फाइन आर्ट फोटोग्राफर होता येईल का?

होता येईल, पण सुट्या चांगल्या फोटोंवर नाही. एकाच विषयाची सलग मालिका उभी करा. मी प्रदर्शनांच्या प्रिंट काढून देतो, निवड करणारे आधी मालिकाच मागतात. विषय दारात आहेत: रावेर-यावलच्या केळीबागा, सारंगखेड्याचा घोडेबाजार, नंदुरबारच्या काठी गावची आदिवासी राजवाडी होळी (तिचे रंगीत फोटो मात्र ढिगाने झालेत, नजर वेगळी हवी). २०-२५ फ्रेम जमल्या की सुती आर्काइव्हल (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या) कागदावर पिगमेंट शाईने प्रिंट काढा, सही करून १/१० (दहापैकी पहिली) असा आवृत्ती क्रमांक घाला. ठरलेल्या संख्येपुढे एकही प्रिंट काढू नका, किंमत त्यावरच टिकते. मुंबईच्या जहांगीर कलादालनाकडे अर्ज आत्ताच टाका, तारीख मिळायला फार थांबावं लागतं. सुरुवातीची वर्षं यावर घर चालणार नाही, लग्नाच्या ऑर्डरी सोडू नका.