मॅन्युअल गिअरच्या गाडीत बाहेरून रिमोट स्टार्टर बसवावा का?

पणजीच्या उन्हात तापलेली गाडी बसण्याआधी थंड करायची, तर रिमोट स्टार्टर, म्हणजे दुरूनच बटण दाबून इंजिन सुरू करणारं किट, बसवता येतो. पण मॅन्युअलमध्ये गाडी गिअरला राहिली असेल तर क्रँक होताच, म्हणजे स्टार्टर मोटर इंजिन फिरवू लागताच, ती पुढे उडी घेते. म्हणून मॅन्युअलसाठीचंच किट घ्या. त्यात न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवूनच उतरायचं असतं. दार लावल्यावर इंजिन बंद होतं आणि रिमोट सज्ज होतो. नंतर दार उघडलं की ते रद्द. हँडब्रेक, ब्रेक पेडल आणि बॉनेट स्विचच्या वायरी जोडल्याशिवाय किट वापरू नका, मेकॅनिक काहीही म्हणो.

वायरी रंगावरून नाही, मल्टिमीटरनं ओळखा. इग्निशनच्या वायरीवर चावी ऑन असताना आणि क्रँक करतानाही साधारण १२ व्होल्ट मिळतात, अॅक्सेसरीची (रेडिओ वगैरेची) वायर क्रँकला शून्यावर जाते, स्टार्टरच्या वायरीत फक्त क्रँकलाच करंट येतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात नको. चिपवाली चावी असेल तर इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं कुलूप) बायपास मोड्यूल हवंच, नाहीतर इंजिन लगेच बंद पडतं.

जोड सोल्डर करून हीट श्रिंक (उष्णतेनं आवळणारी नळी) चढवा. नुसते दाबून बसवलेले जोड आपल्या खाऱ्या, दमट हवेत हिरवे पडतात आणि मग पावसाळ्यात गाडी कधी सुरू होते, कधी नाही.

एसीचा ब्लोअर उतरताना चालूच ठेवा. आणि हे फक्त स्वतःच्या मोकळ्या अंगणात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालकाविना इंजिन चालू ठेवता येत नाही. बंद गॅरेजमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो.