खारा बांगडा, बीपीची गोळी आणि वडिलांचा अटॅक

वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला, काका पंचावन्नात गेले. मी ३४ वर्षांचा, मुलगा आठवीत. रक्तातच आहे म्हटल्यावर पथ्याला अर्थ काय? (देवगड)

धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आत्ताच तपासून घ्या, चाळिशीची वाट बघू नका. पण घराण्यातून नुसती जनुकं येत नाहीत. एका चुलीवरचं जेवण आणि एका डबीतली तंबाखू हीसुद्धा वारशानेच येते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ माणसांच्या तपासण्या सुरू झाल्या, पुढे त्यांची मुलं आणि नातवंडंही त्यात आली. बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचं हृदयविकाराशी असलेलं नातं पक्कं झालं ते बरंचसं या नोंदींमुळे. पुढे २००४ मध्ये ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, सुटलेलं पोट अशा त्या गोष्टी, आणि बहुतेक आपल्या हातातल्या. दक्षिण आशियातल्या माणसांना अटॅक इतरांच्या सुमारे सहा वर्षं आधी येतो, हेही त्यातच दिसलं.

मुलाचं म्हणाल, तर कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली होती. सरासरी वय २२, आणि ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा! म्हणजे सुरुवात पोरवयातच होते. त्याला डाएट वगैरे लावू नका. शाळेत सायकलने जाऊ द्या आणि त्याच्यासमोर तंबाखू मळू नका.

आई ६१ वर्षांची, बीपी १६४/९६. बरं वाटलं की गोळी बंद करते. जेवण साधंच, पेज आणि खारा बांगडा. मीठ कमी कर म्हटलं तर म्हणते, “घामातून सगळा मीठ जाता.” (वेंगुर्ले)

आईंना सांगा, बीपी दुखत नाही, म्हणून बरं वाटण्यावर त्याचा हिशेब करता येत नाही. गोळी सोडली की आकडा पुन्हा चढतो, आणि पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण हा चढलेला आकडाच आहे. सिंधुदुर्ग तर देशाच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी. गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, खर्चाची सबब नको.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळं धरून. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम झालं. तुमच्याकडे किलोची पिशवी किती दिवस पुरते? मासे धुवायला लागतं ते वजा करा, पण लोणचं, पापड आणि बांगड्याच्या पोटात भरलेलं मिळवा. घामाचं म्हणाल, तर उकाड्याला सरावलेलं शरीर घामातून मीठ कमीच टाकतं.

सुके मासे बंद करा, असं मी म्हणणार नाही. कोकणात तसं सांगणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट परत येत नाही. पण सुक्यात सुकं सारखं नसतं. बोंबील आणि सुकट सहसा नुसत्या उन्हात वाळवतात, बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो. तो रात्रभर भिजत घाला, पाणी दोनदा बदला, आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार जणांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांना असं मीठ दिलं, ज्यात एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड होतं. तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले (२०२१). मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर हे मीठ धोक्याचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

बाळंतपणात बीपी वाढलं होतं, झटकेही आले. आता मुलगी चार वर्षांची, मी ठणठणीत. (चिपळूण)

ठणठणीत असा, पण वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघायचीच. गरोदरपणातल्या अशा बीपीने पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होतो. ही गोष्ट कोणी विचारत नाही, तेव्हा प्रत्येक नव्या डॉक्टरला आपणहून सांगा. मुलगी जन्मतः वजनाने कमी असेल तर तिच्याही पोटाच्या घेराकडे लक्ष असू द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं दिसायला बारीक, तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असलेली असतात. मधुमेहाची पायाभरणी अशी गर्भापासूनच.

वय ७३, आजार काही नाही. शेजारी रोज ॲस्पिरिन घेतात, मीही सुरू करू? (गुहागर)

नको. शेजाऱ्यांना कदाचित स्टेंट (हृदयाच्या धमनीत बसवलेली जाळी) असेल. हृदयविकार नसलेल्या वयस्कांना तिचा फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला, असं २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

काल सकाळी आजोबांचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. वारं गेलं म्हणून तेल चोळलं, दुपारपर्यंत बरं झालं. आता न्यायची गरज आहे का? (राजापूर)

हे वाचताय तिथून उठा आणि न्या. आपोआप बरा झालेला पक्षाघाताचा झटका हा मोठ्या झटक्याची वर्दी असतो, आणि पुढचे दोन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव हे कळल्यावर. आपल्याकडे स्कॅनपर्यंत पोचायलाच दीड-दोन तास मोडतात, घाट चढायचा असेल तर जास्त. म्हणून पुन्हा असं झालं तर तेलाची बाटली राहू दे, आधी १०८ लावा. स्कॅन चालू आहे का हे रुग्णालयाला फोन करून विचारा. आजोबा शेवटचे नीट बोलले ती वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील. पाणी पाजू नका, ठसका लागतो. आणि शेजाऱ्यांची ती ॲस्पिरिन स्कॅन होईपर्यंत अजिबात देऊ नका.